तिसऱ्या मीटरचे भांडण

नागपुरात धरमपेठेतला वेस्ट हायकोर्ट रोड घ्या, सदरचा बाजार घ्या नाहीतर सक्करदरा चौक. संध्याकाळी सातच्या सुमारास तिथे जी तोंडातोंडी होते, तिची जागा बहुतेक ठरलेली असते. फूटपाथच्या कडेपासून मोजायला लागलात तर पहिले दोन मीटर उभ्या गाड्यांचे. त्यानंतरच्या एका मीटरमध्ये बाकी सगळे एकत्र येतात. सायकलवाला तिथूनच जातो, फूटपाथवर पाय ठेवायला जागा न मिळालेला माणूस तिथूनच चालतो, सवारी दिसली की ऑटो तिथेच थांबतो, उभ्या कारचे दार तिथेच उघडते आणि दुभाजकाला वळसा घालायचा कंटाळा केलेली मोपेड राँग साइडने तिथूनच येते.

कारवाला म्हणतो, सायकल मधोमध कशाला? सायकलवाला म्हणतो, मागे बघून दार उघडता येत नाही? पायी चाललेल्या बाईंना दोघेही 'फूटपाथ दिसत नाही का' म्हणून सुनावतात. ज्याला जे दिसते तेवढ्यापुरता प्रत्येक जण खरेच बोलत असतो. पण या तिसऱ्या मीटरवर भांडणाऱ्यांपैकी कुणीच पहिल्या दोन मीटरकडे बघत नाही, कारण तिथली गाडी उभी आहे, शांत आहे आणि तिचा मालक दुकानात आहे.

नागपुरातल्या या झगड्याला आपण शिस्तीचा प्रश्न म्हणतो. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येते, शाळकरी मुलांच्या हातून हेल्मेट न घातलेल्यांना गुलाबाचे फूल दिले जाते, शपथा होतात. शिस्त हवी यात वाद नाही. पण हा झगडा मुळात जागेच्या वाटपाचा आहे. शहरातली सर्वांत महागडी जमीन आपण उभ्या गाड्यांना फुकट देतो आणि उरलेल्या पट्टीत चालत्या माणसांना एकमेकांशी झुंजायला लावतो. हे वाटप बदलल्याशिवाय उपदेशाचा काही उपयोग होणार नाही.

हिशेब करून बघू. ले-आउटमधला, म्हणजे वसाहतीतला, १८ मीटर रुंदीचा रस्ता धरा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे निवासी भागातही फूटपाथची चालण्याजोगी मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर हवी. बाजारपेठेत ती २.५ मीटर हवी. आपण कमीवरच भागवू. दोन्हीकडचे मिळून ३.६ मीटर गेले, उरले १४.४. प्रत्येक दिशेला साडेतीन मीटरच्या दोन लेन धरल्या की १४ मीटर संपले. म्हणजे कागदावर या रस्त्यावर गाडी उभी करायला जागाच नाही. प्रत्यक्षात दोन्ही कडांना गाड्या लागतात आणि दोन-दोन मीटर खातात. उरले १०.४. उघडणारी दारे, रिव्हर्स घेणाऱ्या गाड्या, खाली उतरलेले पादचारी यांच्यासाठी दोन्हीकडे आणखी एकेक मीटर सोडा. राहिले ८.४ मीटर, म्हणजे एका दिशेला ४.२. चार लेनचा खर्च करून आपण दोन लेनचा रस्ता वापरतो, आणि 'रस्ता अरुंद आहे, रुंद करा' अशी मागणी करतो. रुंदीकरण झाले की मिळालेल्या जागेत गाड्यांची दुसरी रांग लागते. शहरातल्या बऱ्याच रस्त्यांचा इतिहास एवढ्या एका वाक्यात संपतो.

आता, माणूस फूटपाथ सोडून खाली का उतरतो? त्याला हौस असते म्हणून नव्हे. फूटपाथच्या कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असा दंडक आहे. आपल्याकडे गटारावर स्लॅब टाकून त्यालाच फूटपाथ म्हणायची पद्धत असल्यामुळे ती सहज फूटभर होते. त्यात रस्ता आणि घराचे जोते यांच्या उंचीचा मेळ सिमेंट रोडनंतर बहुतेक ठिकाणी बिघडला. मग प्रत्येक गेटसमोर आणि प्रत्येक दुकानासमोर फूटपाथ तोडून उतार केला जातो. शंभर मीटरमध्ये आठ-दहा वेळा चढायचे आणि उतरायचे, मध्ये विजेच्या डीपीचा बॉक्स, केबलचा खांब, जाहिरातीची चौकट. गुडघे दुखणारा माणूस दुसऱ्याच चढाला फूटपाथ सोडतो. बाबागाडी किंवा व्हीलचेअर तर पहिल्यालाच.

यावरचा उपाय साधा आहे आणि नव्या बांधकामात त्याला जास्त पैसे लागत नाहीत. फूटपाथ गेटसमोरही सलग, एकाच पातळीत ठेवायचा. चढ गाडीने चढायचा, माणसाने नाही. फूटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये मीटर-दीड मीटरची जी पट्टी झाडे, दिवे आणि डीपीसाठी लागते, तिच्यातच हा छोटा चढ बसतो. गाडी फूटपाथवर आली की चालकाला आपोआप कळते की आपण दुसऱ्याच्या जागेत आलो आहोत, आणि वेगही कमी होतो. पायी चालणाऱ्यासाठी जिथे रस्त्यावर उतरावेच लागते, तिथे उतार १ ला १२ या प्रमाणात, म्हणजे १५० मिलिमीटर उंचीला १.८ मीटर लांब. आपल्याकडे ठेकेदार दीड-दोन फुटांत तो उरकतो. त्याला रॅम्प म्हणायचे की घसरगुंडी हे ज्याचे त्याने ठरवावे.

गट्टूंचेही, म्हणजे पेव्हर ब्लॉकचेही, तेच. फूटपाथवर बसवायचे गट्टू साधारण ६० मिलिमीटर जाडीचे असतात. गाड्या उभ्या राहणार असतील तिथे ८० मिलिमीटरचे आणि खाली नीट दाबलेला खडीचा थर लागतो. माणसांसाठी बसवलेल्या ६० च्या गट्टूंवर रोज गाड्या चढल्या की खालची वाळू सरकते, गट्टू खचतात, कडेचा दगड बाहेर ढकलला जातो. पहिल्या पावसात पाणी साचते. त्यानंतर कुणी केबलसाठी खोदते, माती न दाबता गट्टू परत ठेवते आणि वर्षभरात तो फूटपाथ चालण्याच्या लायकीचा राहत नाही. मग लोक म्हणतात, 'फूटपाथ वापरतच नाही कुणी, निदान गाड्या तरी लागू द्या.' गाड्यांनीच तो मोडला, हे विसरले जाते.

फूटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून खांब रोवायची टूम अधूनमधून येते. त्यातली मेख समजून घ्यायला हवी. खांबांमध्ये १.२ मीटर अंतर ठेवले तर कार अडते, व्हीलचेअर जाते. पण मोटरसायकलही जाते, कारण तिचे हँडल पाऊण मीटरचे. मोटरसायकल अडवायची म्हणून अंतर कमी केले की व्हीलचेअर अडकते. नागपूरसारख्या दुचाक्यांच्या शहरात खांब हा अर्धाच उपाय आहे. दुचाकी फूटपाथवर जायची थांबवायची तर तिला खाली, रस्त्याच्या कडेला, आखलेली आणि सावलीतली जागा द्यावी लागेल. सावलीचा मुद्दा पुढे येईलच.

कायदा याबाबत मुका नाही. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार फूटपाथ, सायकल ट्रॅक, झेब्रा क्रॉसिंग, बसथांबा आणि चौकाचे तोंड या जागी गाडी उभी करता येत नाही. उभ्या गाडीच्या शेजारी दुसरी गाडी लावता येत नाही. सिग्नल नसलेल्या झेब्रावर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचे हेही त्यात आहे. लाल दिवा असताना डावीकडे वळायची मुभा पाटी असेल तरच. आपल्याकडे ती जन्मसिद्ध समजली जाते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अडथळामुक्त फूटपाथचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, येतो असे स्पष्ट केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१अ) आणि २१०ड खाली पादचारी आणि रस्त्यांच्या रचनेबाबतचे नियम सहा महिन्यांत करा, असे राज्यांना सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८अ तर रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे कुणाचा जीव गेला वा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड ठोठावते. हे कलम चौकात उभ्या राहून चालान फाडणाऱ्यांच्या बोलण्यात कधी ऐकू येत नाही, कारण ते चालकासाठी नाही.

कायदा असून कारवाई का फसते, याचे उत्तर कारवाईच्या साधनातच आहे. टोइंगची गाडी दुचाक्या उचलते. दोन पोरे एका मिनिटात स्कूटर वर चढवतात. कार उचलायला वेगळी यंत्रणा, वेळ आणि ओरखडा पडला तर होणारा वाद, म्हणून कारला जॅमर लागतो. आता गंमत बघा. दोन चौरस मीटर जागा अडवणारी दुचाकी हटते आणि बारा चौरस मीटर अडवणारी कार जागच्या जागी कुलूपबंद होते. मालक येईपर्यंत, दंड भरेपर्यंत, जॅमर काढणारा सापडेपर्यंत अडथळा तिथेच. रहदारी मोकळी करणे हा हेतू असेल तर जॅमरइतके उलटे हत्यार दुसरे नाही. ई-चालानचे वेगळे. नो पार्किंगचा दंड पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा केल्यास १५००. पण तो मोबाइलवर येतो तेव्हा गाडी केव्हाच घरी गेलेली असते, आणि कित्येक जण लोकअदालतीत तडजोडीची वाट बघत चालाने साठवत बसतात. दंडाची रक्कम वाढवण्यापेक्षा दंड होण्याची खात्री वाढवणे महत्त्वाचे. रोज सापडण्याची भीती असेल तर ५०० पुरतात. महिन्यातून एकदा मोहीम निघणार असेल तर ५,००० सुद्धा पुरणार नाहीत.

पार्किंगला पैसे लावायची भाषा केली की पहिला विरोध दुकानदारांचा येतो: गिऱ्हाईक तुटेल. ही भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या माणसाबद्दल आहे. सकाळी दहाला दुकानासमोर लागणारी पहिली गाडी बहुधा गिऱ्हाइकाची नसते. ती दुकानमालकाची, नोकरांची किंवा वरच्या मजल्यावरच्या ऑफिसवाल्यांची असते आणि रात्री नऊला हलते. कारसाठी आखायची जागा २.५ बाय ५ मीटर, म्हणजे १२.५ चौरस मीटर, १३५ चौरस फुटांच्या आसपास. त्याच जागेत पाच दुचाक्या ऐसपैस उभ्या राहतात, दाटीने सहा. एक ग्राहक चाळीस मिनिटे थांबतो असे धरले, तर अकरा तासांत त्या एका जागेवर सोळा कार येऊन जाऊ शकतात, नाहीतर ऐंशीएक दुचाक्या. फुकट पार्किंगमुळे दुकानदार स्वतःच्या दारात स्वतःचेच गिऱ्हाईक अडवतो. धरमपेठेत १३५ फुटांचा गाळा भाड्याने मागून बघा, कुणी फुकट देईल का? गाडीला मात्र तो महानगरपालिका देते.

दर किती असावा, याचाही ठोकताळा आहे. रस्त्यावरच्या शंभरांपैकी पंधरा जागा कायम मोकळ्या राहतील इतका. त्याहून जास्त मोकळ्या असतील तर दर उतरवा. एकही नसेल तर चढवा. येणाऱ्याला चौकाला तीन फेऱ्या न मारता जागा मिळाली पाहिजे, कारण जागा शोधत रेंगाळणारी गाडीच तिसऱ्या मीटरमध्ये सर्वांत जास्त गोंधळ घालते. पहिला तास स्वस्त, पुढचा प्रत्येक तास चढत्या दराने, म्हणजे दिवसभर गाडी टाकणारा आपोआप आतल्या गल्लीत किंवा मेट्रो स्टेशनच्या पार्किंगकडे वळतो.

पण 'पे अँड पार्क'चा ठेका ज्या पद्धतीने दिला जातो तो दिला तर हे सगळे वाया. वर्षाची ठोक रक्कम भरून ठेका घेतलेल्या माणसाचा फायदा कशात? आखलेल्या चाळीस जागांत साठ गाड्या कोंबण्यात, पावती न देण्यात, हद्दीबाहेरच्या फूटपाथवरही वसुली करण्यात. चालकाचा संताप ठेकेदाराच्या पोरांवर निघतो आणि पार्किंगला पैसे ही कल्पनाच बदनाम होते. ठेकेदाराला ठोक रकमेऐवजी चालवण्याची ठरलेली फी द्यावी, पैसे यूपीआयने थेट पालिकेच्या खात्यात जावेत आणि जमा झालेल्या रकमेतला ठरावीक वाटा त्याच रस्त्याच्या फूटपाथवर आणि झाडांवर खर्च होतो, हे दर तीन महिन्यांनी फलकावर लिहावे. माणूस दहा रुपये द्यायला कुरकुरतो ते रकमेमुळे नाही. ते कुठे जातात हे ठाऊक नसते म्हणून.

'आधी बहुमजली पार्किंग बांधा, मग बोला,' हा पुढचा युक्तिवाद. बहुमजली इमारतीत उतार, वळणे, खांब धरून एका कारला साधारण ३० चौरस मीटर जागा लागते. रस्त्याच्या कडेपेक्षा अडीच पट. तेवढा खर्च करून इमारत उभारली आणि तिच्या दारात रस्त्यावर फुकट जागा राहू दिली, तर दुसऱ्या मजल्यावर गाडी कोण चढवेल? आणि ज्या जागा आधीच बांधून तयार आहेत त्यांचे काय? मंजूर नकाशात पार्किंग दाखवलेली तळघरे आणि स्टिल्ट (इमारतीखालची खांबांमधली मोकळी जागा) आज दुकाने, गोदामे, कोचिंग क्लास, जिम झालेली आहेत. २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत कोणत्या वापराला किती पार्किंग हे कोष्टकात दिलेले आहे. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. नकाशात पार्किंग आणि जागेवर शटर असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटीस निघू शकते. एका बाजारातली दहा तळघरे मोकळी झाली तर रस्त्यावरची एक अख्खी रांग कमी होईल, नवी वीट न रचता.

इथे दीक्षाभूमीचा विषय टाळता येत नाही. १ जुलै २०२४ रोजी तिथल्या भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला कामाला स्थगिती द्यावी लागली. विरोधाची कारणे स्तूपाची सुरक्षितता आणि मोकळ्या मैदानाशी निगडित होती, केवळ वाहतुकीशी नव्हती. तरी पार्किंगच्या नियोजनातला एक उलटा क्रम तिथे दिसतो: आधी खड्डा, मग चर्चा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसे तिथे येतात. त्या दिवसांत प्रशासन वाहने दूर थांबवून आजूबाजूचे रस्ते पायी चालणाऱ्यांना मोकळे करते. म्हणजे माणसांना आधी धरून रस्ता आखता येतो, हे या शहराला माहीत आहे. फक्त कॅलेंडरवरच्या मोजक्या दिवसांपुरते.

सायकलबद्दल बोलताना एक सोयीस्कर गल्लत होते. सायकलपट्टी आखायची म्हटले की सेमिनरी हिल्स, अंबाझरी, सिव्हिल लाइन्स यांची आठवण येते, कारण पहाटे तिथे हेल्मेट घातलेले सायकलस्वार दिसतात. २०२० च्या 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' उपक्रमात नागपूर होते. त्या काळात सायकलची भाषा बरीच झाली. पण पोटासाठी सायकल चालवणारा माणूस हिंगणा एमआयडीसीच्या पाळीला जातो, कॉटन मार्केटमधून भाजीची पोती आणतो, शिकवणीच्या गर्दीतून सातवी-आठवीतली मुलगी घरी परतते. या लोकांच्या वाटेवर पट्टी नाही. सायकलपट्टी दोन मीटर रुंद हवी आणि नुसती रंगवून भागत नाही. रंगाची पट्टी म्हणजे पार्किंगचे आमंत्रण. शिवाय पट्टी नेमकी चौकाआधी वीस-तीस मीटरवर संपते, आणि डावीकडे वळणाऱ्या बसखाली सायकल सापडण्याचा धोका तर चौकातच सर्वांत जास्त.

एक खास नागपुरी धोका सिमेंट रोडने आणला आहे. काँक्रीटचा स्लॅब जिथे संपतो आणि कडेचे गट्टू सुरू होतात, तिथे दोन-चार सेंटिमीटरची पायरी राहते; गट्टू खचले की जास्त. ही पायरी रस्त्याला समांतर जाते. मागून हॉर्न वाजला म्हणून सायकलवाला घाईत डावीकडे उतरतो आणि परत वर येताना चाक त्या कडेला घासत सरकते. खड्डा आडवा असेल तर चाक ओलांडून जाते, समांतर कडेवर मात्र सायकल आडवी पडते, तीही रहदारीच्या बाजूला. 'सायकलवाले कडेने का चालत नाहीत' याचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे कारच्या दारात. उभ्या गाड्यांपासून मीटरभर अंतर ठेवून चालणारा सायकलस्वार आडमुठा नसतो, शहाणा असतो. चालकांनी एक सवय लावून घ्यावी: दार उजव्या हाताने न उघडता डाव्या हाताने उघडायचे. खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते.

सायकलस्वारांनाही सूट नको. रात्री मागचा लाल दिवा नसलेली सायकल हे कबूल न केलेले संकट आहे, आणि राँग साइडने आलेली सायकल मोपेडइतकीच धोकादायक. सायकल मोटार वाहन नाही म्हणून मोटार वाहन कायद्यातले चालान तिला लागत नसेल. गाडीचा धक्का मात्र लागतो.

राँग साइडबद्दल थोडे वेगळे बोलायला हवे. तो गुन्हा आहेच. पण दुभाजकातली फट जिथे बंद केली तिथून पुढची वळायची जागा किती दूर आहे, हे त्या बंद करणाऱ्याने कधी दुचाकीवर बसून पाहिले आहे का? पेट्रोल वाचवणारा माणूस अर्धा किलोमीटर पुढे जाऊन परत येत नाही, उलटाच येतो. दुभाजक टाकताना दर तीनशे-चारशे मीटरवर सिग्नलसह वळण आणि पायी ओलांडायची जागा दिली, तर राँग साइडवाल्याला पकडायला पोलिस कमी लागतील. नाही दिली तर पायी माणूस दुभाजकावरून उडी मारतो.

चौकात आणखी एक साधी गोष्ट मोजली जात नाही: चालणाऱ्याचे सेकंद. सिग्नलची आखणी माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरून होते. १४.४ मीटर ओलांडायला बारा सेकंद. म्हातारा माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालला तर अठरा, शिवाय पाऊल उचलायचे चार-पाच सेकंद. आपल्या बहुतेक चौकांत पादचाऱ्यासाठी वेगळा टप्पाच नाही. एका बाजूचा लाल आणि दुसऱ्या बाजूचा हिरवा यांच्या फटीत त्याने पळायचे. सीताबर्डीच्या इंटरचेंजवर मेट्रोतून उतरलेला प्रत्येक प्रवासी त्या क्षणापासून पादचारी असतो. त्याला व्हरायटी चौकापर्यंत सुखाने जाता येत नसेल, तर तो उद्या पुन्हा गाडी काढेल आणि बाजारात पार्किंग शोधेल.

चौकाजवळ उभी राहिलेली उंच एसयूव्ही हा याहून मोठा धोका. तिच्या बोनेटमागून झेब्रावर उतरणारे मूल चालकाला दिसतच नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. दीड सेकंद ब्रेककडे पाय जाण्यात गेला म्हणजे १६-१७ मीटर गाडी तशीच आली. यावर पाटी लावून उपयोग नाही. चौकाच्या तोंडाशी फूटपाथच दोन मीटर पुढे काढायचा, म्हणजे पार्किंगच्या पट्टीएवढा. तिथे गाडी उभी राहूच शकत नाही, पादचारी गाड्यांच्या आडून बाहेर आलेला असतो, आणि ओलांडायचे अंतर १४.४ वरून १०.४ मीटरवर येते. रहदारीचे काही कमी होत नाही, कारण ते दोन मीटर तसेही उभ्या गाड्यांकडेच होते.

आता ऊन. मे महिन्यात ४५ अंशांवर दुचाकीची काळी सीट तापते तेव्हा माणूस नियम बघत नाही, सावली बघतो. झाड फूटपाथवर आहे म्हणून गाडी फूटपाथवर जाते. उन्हाळ्यात चौकांत हिरव्या जाळ्या बांधल्या जातात, ही चांगली गोष्ट. पण त्या थांबलेल्या गाडीवाल्यांच्या डोक्यावर असतात. झेब्राच्या तोंडाशी उभ्या पादचाऱ्यावर क्वचितच. गाड्यांच्या आखलेल्या पट्टीतच दर दोन कारच्या जागांनंतर एक झाड, त्याभोवती मीटरभर उघडी माती, असे लावले तर एकाच सावलीत गाडी खाली आणि माणूस वर राहतो. कडुनिंब, करंज इथल्या उन्हाला टिकतात. पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात टँकर लागेल, हे अंदाजपत्रकात लिहिले नाही तर झाड कागदावरच राहते.

फेरीवाल्यांवर बोट ठेवणे सोपे असते. पानठेला किंवा तर्री-पोह्याची गाडी दीड-दोन चौरस मीटर घेते, तिच्यावर एका कुटुंबाचे पोट असते आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिला नगर पथविक्रेता समितीमार्फत जागा देणे बंधनकारक केले आहे. अतिक्रमण पथक आले की तीच आधी उचलली जाते, मागची साडेबारा चौरस मीटरची कार नाही. घरासमोरच्या रस्त्यावर कुंड्या, साखळी आणि 'गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' अशी पाटी लावणारे बंगलेवाले तर अतिक्रमणाच्या यादीत कधी येतच नाहीत. कुंपणाबाहेरचा रस्ता त्यांचा नाही.

यातले काय कुणी करायचे, इथे गाडी अडते. गाडी कुठे उभी करायची हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ खाली राज्य शासन किंवा ते नेमेल त्या प्राधिकरणाला, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. फूटपाथ पालिकेचा, काही ले-आउट नागपूर सुधार प्रन्यासचे (नासुप्र), मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम किंवा राष्ट्रीय महामार्गाचे, खांब मेट्रोचे, चालान पोलिसांचे. तक्रार या सगळ्यांच्या टेबलांवरून फिरते. म्हणून शहरभर मोहीम काढण्याऐवजी एक रस्ता, एक किलोमीटर, आणि त्यासाठी एकच जबाबदार अधिकारी, असे सुरू करावे.

आधी मोजणी. सकाळी आठ ते रात्री दहा, दर अर्ध्या तासाला एक माणूस रस्त्याच्या एका बाजूने चालत जाईल आणि प्रत्येक उभ्या गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे व जागा लिहील. एमएच-३१ की एमएच-४९ याने फरक पडत नाही, चार आकडे पुरतात. दुसऱ्या दिवशी तक्ता मांडला की कोणती गाडी बारा तास हलली नाही आणि कोणती वीस मिनिटांत गेली हे दिसते. सोबत शंभर मीटरच्या एका पट्ट्यात फूटपाथवरून किती माणसे गेली आणि रस्त्यावरून किती, हे तासातून दहा मिनिटे मोजायचे. ही मोजणी दिवाळीच्या पंधरवड्यात किंवा मेच्या दुपारी केली तर आकडे खोटे येतात. फेब्रुवारीतला एक बुधवार आणि एक शनिवार बरा. मग जागा आखायच्या, साध्या पांढऱ्या रंगाने नव्हे तर वितळवून लावायच्या गरम थर्मोप्लास्टिकने, कारण साधा रंग एका पावसाळ्यात जातो. थर्मोप्लास्टिक ओल्या किंवा धुळीच्या पृष्ठभागावर चिकटत नाही, त्यामुळे काम जून आधी संपले पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडावर कार्यादेश निघाला तर ऑक्टोबरपर्यंत थांबावे. घाईत मारलेली पट्टी गणपतीपर्यंत सोलून निघते आणि मोजणी करणाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून चालावे लागते.